दोन कड्यांमधला तांबडा थर

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, ते मला विचारू नका. ही गोष्टच वयावरून झालेल्या भांडणाची आहे, आणि त्यात माझी भर नको.

एका राज्यात एक खोल दरी होती. दरीतून नदी वाहायची. अल्याडच्या कड्यावर उगवतवाडी, पल्याडच्या कड्यावर मावळतवाडी. उन्हाळ्यात नदी आटायची आणि दरीत एकच डोह उरायचा. रीत अशी होती, की ज्यांचा डोंगर थोरला, त्यांनी आधी पाणी भरायचं.

आता थोरला कोणता, हे डोंगरांना कोणी विचारलं नव्हतं. ज्याला त्याला आपलंच घोडं पुढे दामटायचं होतं.

उगवतवाडीचे लोक म्हणायचे, "आमचा कडा उंच. उंच तो थोर." मावळतवाडीचे म्हणायचे, "आमच्या कड्यात काळ्या दगडाची उभी भिंत आहे, तळापासून पार माथ्यापर्यंत. ती पृथ्वीच्या पोटातून आली, म्हणून ती सगळ्यांत जुनी." दर उन्हाळ्यात डोहावर घागरी फुटायच्या, कधी डोकीही फुटायची.

एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. डोहात एका वाडीला पुरेल इतकंच पाणी राहिलं. दुसऱ्या वाडीला बिऱ्हाड उचलून जावं लागणार, हे पोराटोरांनाही कळत होतं. दोन्हीकडचे पाटील राजाकडे गेले.

राजा शहाणा होता. शहाणा म्हणजे काय, तर आपल्याला काय कळत नाही हे त्याला कळत होतं. तो म्हणाला, "दगडातलं मला समजत नाही. दगडात जन्म काढलेलं माणूस आणा."

असं माणूस एकच होतं. उगवतवाडीची दुर्गव्वा. तिने मुलखात साठ विहिरी खणल्या होत्या. पहार खांद्यावर टाकून ती चालायची, तेव्हा वाटेतले पुरुष आपणहून बाजूला व्हायचे. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

निघताना तिच्या पाटलांनी तिला गाठलं. "दुर्गव्वा, तू आपल्या वाडीची आहेस, हे विसरू नकोस. निकाल उलटा गेला, तर तुझं दार या वाडीत उघडणार नाही."

"पाटील, मी दगड फोडते," ती म्हणाली. "त्याच्या तोंडी शब्द घालत नाही."

तिने कमरेला दोर बांधला आणि ती कड्यावरून खाली उतरली. आधी आपला कडा, मग पल्याडचा. डोहाच्या पाण्यापासून वर दोरीने एकेक थर मोजला. चार दिवस ती दोरावर लोंबकळत होती, आणि चार दिवस डोहाकाठी दोन्ही वाड्यांच्या माना वर होत्या.

पाचव्या दिवशी राजा डोहाकाठी येऊन बसला. "सांग बाई, कोणता डोंगर थोरला?"

"महाराज, घोंगड्यांची चळत लावताना सगळ्यांत खालचं घोंगडं आधी ठेवावं लागतं. थरांचंही तसंच. आमचा कडा उंच आहे, कारण त्याच्या माथ्यावर दोन परस जाडीचा एक थर जास्तीचा आहे." परस म्हणजे माणसाची उंची, विहिरी खणणारे तेच माप धरतात. "तो सगळ्यांत शेवटी आला. आम्ही ज्याचा तोरा मिरवतो, ते या डोंगराचं शेंडेफळ आहे."

मावळतवाडीच्या लोकांत हशा पिकला. दुर्गव्वा तिकडे वळली.

"हसू नका. तुमची काळी भिंत सगळे थर चिरत वर गेलीय. भाकरी थापल्याशिवाय तिचे तुकडे पडतात का? थर आधी होते, म्हणून भिंत त्यांना चिरू शकली. ती या सगळ्या थरांहून धाकटी."

आता कोणीच हसलं नाही. ती पुढे म्हणाली, "दोन्ही कड्यांत एक तांबड्या मातीचा थर आहे. दोन्हीकडे कमरेएवढा जाड, पाण्यापासून त्याच उंचीवर. वर तोच जाळीदार दगड, खाली तोच काळा. महाराज, हे दोन डोंगर नाहीत. एकच होता. नदीने तो मधोमध कापला. थोरला कोणी नाही. सगळ्यांत धाकटी मात्र आहे, ती ही नदी."

उगवतवाडीचे पाटील लालबुंद झाले. मावळतवाडीचे पाटील म्हणाले, "बोलायला काय जातंय? पुरावा दाखव."

"दाखवते. आमच्या कड्याच्या सावलीत, तांबड्या थराच्या बरोबर वर, पाखरांपुरतं पाणी झिरपतंय. तो थर पाणी खाली जाऊ देत नाही. तुमचा कडा उन्हात कोरडा दिसतो, पण थर तोच असेल, तर त्याच्यावर पाणीही असणार. तुमच्या वाडीत तीन परस खणा. तांबडी माती लागायच्या आधी पाणी लागेल. नाही लागलं, तर ही पहार मी या डोहात टाकीन आणि पुन्हा दगडाला हात लावणार नाही."

आयुष्यभराचं नाव तिने एका वाक्यासाठी पणाला लावलं. मला विचाराल, तर माझी नसती छाती झाली.

मावळतवाडीत खणायला सुरुवात झाली. सगळ्यांत पुढे दुर्गव्वाच होती. तिकडे तिच्या दाराला पाटलांनी काटेरी फांद्या लावल्या. आपली बाई परक्यांसाठी खणते, हे कोणाला सोसवेना. एक परस गेलं, दोन गेली. निव्वळ फुफाटा. अडीच परसांवर तिच्या हातांना फोड आले आणि लोक कुजबुजू लागले. तिलाही आतून भीती वाटत होती. पण ती थांबली नाही, कारण दोरी तिने स्वतः मोजली होती.

विसाव्या दिवशी, तिसरं परस भरायला वीतभर उरली असताना, जाळीदार दगडाच्या भोकांतून पाणी पाझरू लागलं. संध्याकाळपर्यंत ते गुडघ्याएवढं झालं. आणखी हातभर पहार घातली, तर टोकाला तांबडी माती लागून आली. ते टोक तिने वर उभ्या असलेल्या राजाला दाखवलं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

दुसऱ्याच दिवशी मावळतवाडीची माणसं पहारी घेऊन दरी ओलांडून उगवतवाडीत आली. तिथे पाच परस खणायचं होतं, आणि ते दोन्ही वाड्यांनी मिळून खणलं. दुर्गव्वाच्या दारातले काटे पाटलांनी आपल्या हातांनी काढले. दोन बोटं रक्ताळली, तरी त्यांनी शेवटचा काटाही सोडला नाही. त्या वर्षी कोणाचंच बिऱ्हाड उठलं नाही.

निरोप घेताना राजाने गर्दीला विचारलं, "ही कोणत्या वाडीची?"

"आमची," दोन्ही वाड्या एकदमच म्हणाल्या. आणि त्यावरून मात्र कोणी भांडलं नाही.

तात्पर्य: जो आपल्या माणसांपुढेही खरं तेच बोलतो, त्याच्याच अभिमानाला पाया असतो.