चिमाबाईच्या बाळाचा लंगोट

बसा बघू सगळे. मांडी घालून बसा.
ज्याला शू लागली असेल, त्यानं आधी जाऊन यावं.
आलात? झाली? मग ऐका.

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिमाबाई.
चिमाबाईला झालं बाळ. केवढं? शेंगदाण्याएवढं.
बाळाला नाव नव्हतं. सगळे म्हणायचे, बाळ.
बाळाला एकच काम यायचं. कुठलं?
सुर्रर्र!
शू करायचं.

बाळाचा लंगोटही एकच होता.
चिमाबाईनं तो धुतला. पिळला. गवताच्या पातीवर वाळत घातला.
तिकडून आलं वासरू. उड्या मारत आलं. धबक धबक, धबक धबक.
वासरानं गवत खाल्लं. गवतावरचा लंगोटही खाल्ला.
चघळ चघळ. गट्ट!
संपला लंगोट.

आणि त्याच दिवशी होतं बाळाचं बारसं!
लांबून आत्या आली होती. हिरवंगार नवं लुगडं नेसून आली होती.
आत्या बाळाला मांडीवर घेणार. कानात "कुर्रर्र" करणार. मग नाव सांगणार.
आत्यानं बाळाकडे पाहिलं.
बाळ उघडंबंब!
आत्या उठून उभी राहिली.
"वहिनी, माझं लुगडं नवं आहे. उघड्या बाळाला मी मांडीवर घेणार नाही. लंगोट नाही, तर बारसं नाही!"
"अहो वन्सं, पण..."
"पण नाही नि बिण नाही!"

चिमाबाईनं बाळाला पाठीवर घेतलं.
निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गेली शिंप्याकडे. शिंपी मशीन चालवत होता. खटखट, खटखट.
"शिंपीदादा, शिंपीदादा, लंगोट शिव ना!
बाळाची शू थांबेना,
आत्या मांडीवर घेईना,
बारसं काही होईना!"

शिंपीदादानं चष्मा वर केला.
"माझ्याकडे सगळं नवं कापड. नवं कापड कडक असतं. शू पीत नाही. बाळाचं ढुंगण मात्र सोलून काढतं. जुनं मऊ पातळ आण. मग शिवतो."
"नव्याचाच शिव ना, दादा."
"नाही म्हणजे नाही!"
तेवढ्यात सुर्रर्र!
शिंपीदादाची मोजपट्टी भिजली.
"अगं ए! आधी त्याला खाली उतरव!"

चिमाबाई पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गेली भागूमावशीकडे. मावशी अंगणात तांदूळ पाखडत होती. फट् फट्, फट् फट्.
"मावशी, मावशी, पातळ दे ना!
शिंपी लंगोट शिवेना,
बाळाची शू थांबेना,
आत्या मांडीवर घेईना,
बारसं काही होईना!"

मावशीनं सूप खाली ठेवलं.
"जुनं पातळ आहे गं. चांगलं मऊ आहे. पण त्याला मी शेणाचे हात पुसलेत. मळकं कापड बाळाला लावलं तर पुरळ उठतं. परटीण धुईल, तर देईन."
"तसंच दे ना, मावशी."
"नाही म्हणजे नाही!"
तेवढ्यात सुर्रर्र!
मावशीनं सूप उचललं. पटकन! तांदूळ वाचले.
मावशीचा पाय मात्र भिजला.

चिमाबाई पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गेली तळ्यावर. तिथं होती परटीण कोंडाताई. दगडाला टेकून बसली होती. जांभया देत होती. आऽऽ ऊऽऽ!
"कोंडाताई, कोंडाताई, पातळ धू ना!
मावशी पातळ देईना,
शिंपी लंगोट शिवेना,
बाळाची शू थांबेना,
आत्या मांडीवर घेईना,
बारसं काही होईना!"

कोंडाताईनं तळ्याकडे बोट दाखवलं.
"पाणी बघ कसलं आहे! चहा बरा! यात धुतलं, तर आहे त्याहून मळेल. तळं निवळेल, तर धुईन."
"थोडंसं धू ना, ताई."
"नाही म्हणजे नाही!"
तेवढ्यात सुर्रर्र!
कोंडाताईचा धुण्याचा दगड भिजला.
"झालं! माणसं दगडावर धुणं धुतात. हा दगडच धुतोय!"

चिमाबाई पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गेली पाण्याच्या काठाशी. तळं हलत होतं. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.
"तळेदादा, तळेदादा, निवळ ना!
परटीण पातळ धुवेना,
मावशी पातळ देईना,
शिंपी लंगोट शिवेना,
बाळाची शू थांबेना,
आत्या मांडीवर घेईना,
बारसं काही होईना!"

तळं म्हणालं, "मी कसा निवळू? माझ्यात म्हैस बसलीय. सकाळपासून बसलीय. शेपटी हलवते. चिखल ढवळते. म्हैस उठेल, तर निवळेन."
"जरासा निवळ ना, दादा."
"नाही म्हणजे नाही!"
तेवढ्यात सुर्रर्र!
तळं दचकलं.
"हे गरम गरम काय आलं गं?"
"काही नाही, तळेदादा. काही नाही!"

चिमाबाई पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

म्हैस काठाजवळच बसली होती. केवढी म्हैस! जणू काळा डोंगर.
तिची शेपटी काठावर आली होती. चिमाबाई शेपटी धरून वर चढली. सरसर सरसर.
पाठीवरून गेली. मानेवरून गेली. म्हशीच्या कानाशी उभी राहिली.
"म्हशीबाई, म्हशीबाई, ऊठ ना!
तळ्याचं पाणी निवळेना,
परटीण पातळ धुवेना,
मावशी पातळ देईना,
शिंपी लंगोट शिवेना,
बाळाची शू थांबेना,
आत्या मांडीवर घेईना,
बारसं काही होईना!"

म्हशीनं रवंथ केलं. चपक चपक. मग पुन्हा रवंथ केलं. चपक चपक. मग म्हणाली,
"कोण आहे?"
"मी चिमाबाई."
"दिसत नाहीस."
"मी कानाशी आहे!"
"बरं. मी काही उठत नाही. माझ्या पाठीवर बगळोबा बसलेत. ते माझे किडे टिपतात. मी उठले, तर ते पडतील. ते हलतील, तर उठेन."
"हळूच ऊठ ना, बाई."
"नाही म्हणजे नाही!"
तेवढ्यात सुर्रर्र!
म्हशीच्या कानात.
म्हशीनं डोळे मिटले.
"आहाहा! तेल घातलंस का गं कानात? बरं वाटलं हो."

आता मात्र चिमाबाई दमली. म्हशीच्या पाठीवरच बसली.
सूर्य डोक्यावरून कलला होता.
तिकडे घरी आत्या असेल. घुगऱ्या थंड होत असतील. पाळणा रिकामा असेल.
चिमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. एक थेंब खाली पडला. टप्प.
"बाळा रे, हे गळणं तुझ्याकडूनच शिकले बघ मी," ती म्हणाली.
बाळ हसलं. खुदकन!
मग चिमाबाईनं नाक पुसलं. उठली. निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बगळा जवळच उभा होता. एका पायावर उभा होता. डोळे मिटले होते. मान ताठ होती. पांढराशुभ्र! एक डाग नाही.
"बगळोबा, बगळोबा, हला ना!
म्हैस जागची उठेना,
तळ्याचं पाणी निवळेना,
परटीण पातळ धुवेना,
मावशी पातळ देईना,
शिंपी लंगोट शिवेना,
बाळाची शू थांबेना,
आत्या मांडीवर घेईना,
बारसं काही होईना!"

बगळ्यानं एक डोळा उघडला. अर्धाच!
"मी ध्यान करतोय. बडबड नको."
"बाळासाठी हला ना, बगळोबा."
"गप्प!"
"एकच पाऊल हला ना, बगळोबा."
बगळ्यानं चोच बाळाजवळ आणली. अगदी जवळ. आणि म्हणाला,
"शूऽऽऽ!"

अरे देवा!
बाळाला काय कळणार?
आई "शूऽऽऽ" म्हणते, तेव्हा बाळ काय करतं?
बाळानं तेच केलं.
सुर्रर्रर्रर्रर्र!
उंचच उंच कारंजं! चोचीवर. डोक्यावर. पांढऱ्याशुभ्र पंखांवर!

"अयाईऽऽ! शी शी शी! माझे पंख! माझं ध्यान!"
बगळा उडाला. फडफड, फडफड!

बगळा हलला,
म्हैस उठली. भस्सकन!
चिमाबाई घसरली. घर्रर्र! पाठीवरून शेपटीवर, शेपटीवरून काठावर. धप्प!
बाळ म्हणालं, "हीऽऽ!" त्याला पुन्हा घसरायचं होतं.

म्हैस उठली,
तळं निवळायला लागलं. गाळ खाली बसला. हळूहळू. हळूहळू.
तळाचे खडे दिसले. खड्यांवरचे मासे दिसले.

तळं निवळलं,
कोंडाताई उठली. पदर खोचला. मावशीला हाक मारली.
"भागूबाई, आण गं पातळ!"
मावशी पातळ घेऊन आली.
धप धप, धप धप. एकदा धुतलं. शेण गेलं.
धप धप, धप धप. दोनदा धुतलं. वास गेला.
धप धप, धप धप. तीनदा धुतलं. पातळ झालं सायीसारखं मऊ.
उन्हात घातलं. ऊन म्हणालं नाही, "नाही म्हणजे नाही." ऊन शहाणं होतं. वाळवलं पातळ. खडखडीत!

पातळ वाळलं,
मावशीनं पदराकडून तुकडा फाडला. चर्रर्र!
"घे गं बाई. माझी लेकरं याच पातळावर वाढली."

तुकडा मिळाला,
चिमाबाई पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
शिंपीदादानं कापड गालाला लावून पाहिलं.
"हां! याला म्हणतात कापड. किती लंगोट शिवू?"
"एक."
"एक?" शिंपीदादा हसायला लागला. "अगं, तुझं बाळ सकाळपासून किती वेळा शू शू करत फिरलं?"
चिमाबाईनं बोटं मोजली. एका पायाची पुरेनात. दुसऱ्या पायाची घेतली.
"सहा वेळा, दादा."
"मग सहा शिवतो. आणि एक बारशाला."
खटखट, खटखट. खटखट, खटखट.
सात लंगोट! एकेक लंगोट केवढा? गुलमोहराच्या पाकळीएवढा. प्रत्येकाला इवल्या इवल्या नाड्या.

चिमाबाई घरी आली.
तिनं बाळाला लंगोट बांधला. सैल झाला. घोट्यावर आला. सर्रकन!
पुन्हा बांधला. घट्ट झाला. बाळ रडलं. ट्यँऽऽ!
आत्या पुढं आली.
"सरका वहिनी. असा नाही. कापड दुमडायचं. तिकोनी घडी करायची. बाळ वर ठेवायचं. एक टोक पायांतून पुढं. दोन टोकं दोन बाजूंनी. नाडीची गाठ. आपलं बोट आत जाईल एवढीच घट्ट!"
बसला लंगोट. झक्कास बसला!
"वन्सं, एवढं येत होतं तर सकाळीच का नाही सांगितलंत?"
"सकाळी लंगोट कुठं होता? काय तुमच्या शेपटीला बांधू?"

मग झालं बारसं.
शिंपीदादा आला. भागूमावशी आली. कोंडाताई आली. म्हैस दारात मावेना, तिनं खिडकीतून तोंड घातलं. बगळोबाही आले. आंघोळ करून आले. लांब बसले. फार लांब बसले.
तळ्याला येता येत नव्हतं. त्यानं निवळ पाण्याची एक घागर पाठवली.

आत्यानं बाळाला मांडीवर घेतलं. बाळाच्या कानाशी तोंड नेलं.
"कुर्रर्र..."
बाळानंही उत्तर दिलं.
"सुर्रर्र..."
सगळ्यांनी माना पुढं काढल्या.
आत्यानं लुगडं पाहिलं. उजवीकडून पाहिलं. डावीकडून पाहिलं.
कोरडं!
लंगोटानं सगळी शू पिऊन टाकली होती.

आत्या हसली. इतकी हसली की तिच्या मिशा थरथरल्या.
"जातो तिथं पाऊस पाडतो माझा भाचा! याचं नाव ठेवते पर्जन्यराव!"
"कुर्रर्र... पर्जन्यराव!"

सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या. चिमाबाईनं ओला लंगोट सोडला. कोरडा बांधला. तिला आता छान येत होतं.
एक लंगोट बुडावर.
एक लंगोट दोरीवर.
एक लंगोट बादलीत.
बाकीचे घडी करून टोपलीत.

शू झाली लंगोटात,
लुगडं राहिलं थाटात,
घुगऱ्या गेल्या पोटात,
पर्जन्यराव पाळण्यात!