पुढची चाकं ओढेनात

"उस्ताद, माझं चुकतंय कुठं, तेवढं सांगा की."

शागीर्द हिंदुराव पुन्हा विचारत होता. बाबालाल उस्ताद बशीतला चहा फुंकत होते.

आजऱ्याच्या पुढं, रस्ता डोंगराला लागतो तिथं उस्तादांचं दुकान. गाड्यांचं वायरिंग, डायनामो, सेल्फ. दारात माझ्या आत्याचा ट्रक उभा होता, बोनेट उघडं टाकून. ते मिटताना केवढा आवाज होईल, या विचारानं मी लांबच्या टायरवर जाऊन बसले होते.

आत्याचं पोट त्या ट्रकवर. डोंगरातल्या रानातून निलगिरीचे ओंडके खाली आणायचे. साधा ट्रक तिथं चढत नाही. याला एक बटण आहे. ते दाबलं की करंट खालच्या व्हॉल्व्हला जातो आणि मागच्या चाकांबरोबर पुढचीही ओढायला लागतात. समोर हिरवा दिवा लागतो.

परवा ऐन चढावर तो दिवा डोळे मिचकावत विझला. ट्रक आत्यासकट मागं घसरला. एका जांभळीनं अडवला, म्हणून आत्या आज इथं भांडायला उभी होती.

"चार चाकं ओढणार म्हणून घेतला," हौसाआत्या म्हणाली. "आता दोन ओढत्यात आन् दोन बघत बसत्यात. आज चढला न्हाई तर भंगारात घालते. आन् तुझं नाव सांगून घालते, हिंदुराव."

हिंदुरावचा चेहरा पडला. त्याचं नाव नुकतंच पिवळ्या पत्र्यावर रंगवून झालं होतं. 'हिंदुराव ऑटो इलेक्ट्रिक'. पण उस्तादांनी अट घातली होती : हौसाक्काचा ट्रक दुरुस्तीला माघारी यायचा थांबला, की उघड तुझं दुकान.

ट्रक माघारी यायचा थांबत नव्हता.

"काय काय केलंस?" उस्तादांनी विचारलं.

"फ्यूज बघितला. रिले बदलला. बटण बदललं. व्हॉल्व्ह नवा. बटणापास्नं व्हॉल्व्हपतोर वायर नवी ओढली. मीटर लावला तर बारा व्होल्ट. पुरे बारा!"

"मीटरला कुठं ओंडके वाहायचेत?"

उस्तादांनी व्हॉल्व्हची जोडणी सोडवली आणि तिथं हेडलाइटचा बल्ब लावला. बल्ब विझत्या विडीसारखा लालसर झाला. तेवढाच.

"ते मला म्हाईत हाय," हिंदुराव घाईनं म्हणाला. "अर्थिंग जातंय, करंटची माघारी जायची वाट. दर बारीला तेच. बंपरच्या मागं चासीला बोल्ट हाय, त्याला हिरवा गंज धरतो. दर बारीला मीच घासतो, मीच आवळतो. गाडी पळती. मग परत..."

"किती दिसांनी परत?"

"दसऱ्याला केली ती संक्रांतीपतोर चालली. मग अमुशा ते अमुशा. आता बाजार ते बाजार."

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"कामात तुझ्या खोट न्हाई," ते म्हणाले.

हिंदुरावला हे अपेक्षित नव्हतं. शिवी पडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग वो?"

"करून दाखव. पहिल्यापास्नं. काय बी वगळू नको."

हिंदुराव बंपरखाली शिरला. बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं घासला, चासीही घासली, पक्का आवळला. त्यानं पुन्हा बल्ब लावून बघितला, तर असा लख्ख पेटला की मी डोळ्यांवर हात घेतला. मग व्हॉल्व्ह जोडला आणि बटण दाबलं.

टक्.

मी टायरवरून निम्मी उठले. नंतर कळलं, ते व्हॉल्व्हनं ओ दिली होती.

हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. आत्यानं गिअर टाकला. पुढच्या चाकांनी दारातला चिखल खाल्ला आणि ट्रक हातभर पुढं आला.

"झालं!" हिंदुराव म्हणाला.

"वगळू नको म्हटलं."

"काय वगळलं? समदं तर..." तो थांबला. "हां. ते व्हय. ते नेहमीचं."

त्यानं साबणानं हात धुतले. पिशवीतून नारळ काढला. शेंडी ट्रककडं करून डोळे मिटले, ओठ हलवले, आणि बंपरच्या लोखंडी आकड्यावर नारळ आपटला.

मी ओरडले. कुणी लक्ष दिलं नाही.

पाणी बंपरवर सांडलं, फटीतून आत गेलं. हिंदुरावनं पिशवीतून आणखी एक काढला.

"आनी एक?" उस्तादांनी विचारलं.

"एकावर भागंना, उस्ताद. दसऱ्याला एक फोडलेला. गाडी परत आली, म्हटलं देव कोपला. मग दोन फोडले. तर लगीच आली. म्हणून मागल्या बारीला पाच..."

उस्ताद वाकले. गुडघे कुरकुरले. त्यांनी बंपरखाली ओंजळ धरली. नुकत्याच घासलेल्या, चमकणाऱ्या बोल्टवरून पाणी थेंब थेंब त्यांच्या हातात पडत होतं. त्यांना काही घाई नव्हती.

ओंजळ तोंडाला लावून ते म्हणाले, "गोड हाय."

...

हिंदुरावनं बोल्टकडं बघितलं. हातातल्या नारळाकडं बघितलं. मग पिशवीकडं. मग परत बोल्टकडं.

"म्हंजे... मीच?"

उस्ताद बोल्ट पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी त्यावर ग्रीसचा जाड लेप दिला.

"ते ग्रीस-बीस काय लावायचं ते लावा," आत्या केबिनमधून म्हणाली, "पर नारळ फोडल्याबिगर मी चढाला गाडी घालणार न्हाई. आन् ह्यो फोडलेला धरायचा न्हाई. त्यो तुमच्या परीक्षंचा झाला."

"आक्का, आवो त्या पाण्यानंच तर गंज..."

"मग तू बस गाडीत. तू घसर मागं."

हिंदुराव उस्तादांकडं वळला. आता त्याला रडूच यायचं बाकी होतं.

"उस्ताद, फोडावा तर बोल्ट जातोय. न्हाई फोडावा तर आक्का जाईना. मी करू काय?"

उस्तादांनी त्याच्या हातातला नारळ घेतला, एका हातात पेला घेतला आणि रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडापाशी गेले. ट्रककडं तोंड करून त्यांनी डोळे मिटले. हिंदुरावपेक्षा जास्त वेळ मिटले. आत्यानंही मग केबिनमध्ये हात जोडले.

टच्.

पाणी पेल्यात उतरलं. फुटल्या नारळाची एक भकल त्यांनी आत्याच्या हातात दिली. तिनं ती स्टिअरिंगला लावली, कपाळाला लावली, खोबऱ्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि ट्रक चढाला घातला. मला बसायला बोलावलं. मी पाय दुखतो म्हणाले.

आम्ही तिघंही बघत राहिलो. पहिलं वळण. मग तो खडा चढ, जिथं जांभळीची साल अजून सोललेली होती. ट्रक तिथं क्षणभर थबकला... हिंदुरावनं माझ्या टायरवर हात टेकला.

पुढच्या चाकांनी माती धरली. ट्रक वर गेला. वरून आत्यानं हॉर्न वाजवला, लांबलचक.



"उस्ताद," हिंदुराव हळूच म्हणाला, "मग... दुकान उघडू?"

उस्तादांनी पेला रिकामा केला. मिशा पुसल्या.

"उघड की. नारळ बी फोड. पाणी तेवढं माझ्याकडं धाडत जा."