हौदातला पहिला घोट

फार पूर्वी, नद्यांवर अजून कुणाचीच मालकी नव्हती तेव्हाची ही गोष्ट. एका नगरात एक अभियंता बाई राहायची. राजाच्या बागेतली कारंजी तिनेच बांधलेली. पण गढूळ पाण्याने गावोगावची मुलं आजारी पडतात हे कळल्यावर तिचं मन कारंज्यांत रमेना. राजवाडा सोडून तिने चार माणसं जमवली आणि वाळू-कोळशातून पाणी गाळणारे हौद ती गावोगाव बांधू लागली.

त्या मुलखात एक रीत होती. नव्या हौदाचं पाणी आधी बांधणाऱ्याच्या घरातल्या सगळ्यात धाकट्याने प्यायचं, मग गावाने. घरात धाकटी तीच, त्यामुळे बाई दरवेळी हसत हसत प्यायची.

पुढे नदीकाठच्या एका गावाने नदीचं पाणी गाळायला तिला बोलावलं. खर्च एका रंगारी शेठजींनी उचलला. त्यांचा कापड रंगवायचा कारखाना नदीच्या वरच्या अंगाला होता आणि रंगाचं उरलेलं पाणी नदीतच जायचं. वाळू-कोळशाने गाळ निघतो. रंगातलं विष निघतं का, हे बाईला नक्की ठाऊक नव्हतं.

तिने विचारलं, तर शेठजी म्हणाले, "अहो बाई, अंगाला चालतं ते पोटाला काय करणार? तुम्ही आपलं हौदाचं बघा."

काहीच नसण्यापेक्षा एवढं तरी बरं, अशी बाईने मनाची समजूत घातली. मनही लगेच समजलं. मनाचं काय, ते सोयीचं पटकन समजतं.

हौद सुरू व्हायच्या दिवशी अख्खं गाव जमलं. या वेळी बाईच्या कडेवर नुकतेच दात आलेली लेक होती. बाईने वाटी भरली, लेकीच्या ओठांपाशी नेली. पाणी काचेसारखं नितळ होतं. लेक वाटीकडे झेपावत होती. पण बाईचा हात पुढे जाईना.

"पाज की गं," एक म्हातारी म्हणाली. "तुझ्या पोरीला तहान नाही होय?"

"तिला आहे, मावशी. मलाच खात्री नाही."

"लेकुरवाळी झाली आणि भित्री झाली!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

शेठजी लालबुंद झाले. "आणा इकडे! माझा नातू पिईल." त्यांनी नातवाला पुढे ओढलं, तोच त्यांची सून धावत आली आणि तिने मुलाच्या तोंडावर हात ठेवला.

"मामंजी, नको. आपल्या घरात नदीचं पाणी कधी आलंय का?"

हशा थांबला.

बाईने वाटी जमिनीवर ओतली. "चूक माझी आहे. तुमच्या मुलांसाठी 'बरं आहे' म्हटलं, माझ्या मुलीसाठी म्हणवेना. हा हौद आज बंद राहील. शेठजी, आधी तुमच्या कारखान्यात हौद बांधू. रंग तळाशी बसेल, वरचं पाणी पुन्हा रंगवायला घ्या. नदीत थेंब नको."

"आणि कापड उशिरा निघालं तर?"

"निघेल उशिरा," सूनच म्हणाली.

कापड खरंच उशिरा निघालं आणि शेठजी शेवटपर्यंत कुरकुरत राहिले. तोवर गाव लांबच्या विहिरीवरून पाणी आणत राहिलं आणि वाटेत बाईला नावं ठेवत राहिलं. पण नदी हळूहळू निवळली, मासे परतले. तेव्हा कुठे बाईने हौद उघडला.

लेक या वेळी चालत आली. वाटी तिने स्वतःच उचलली, अर्धी प्यायली आणि उरलेली शेठजींच्या नातवाला दिली.

मग म्हातारीने आपला हंडा पुढे सरकवला. "भर आता, भित्रे," ती म्हणाली.

तात्पर्य: आपल्या लेकराला जे देताना हात थांबतो, ते दुसऱ्याच्या लेकरापुढे धरू नये, आणि हात थांबलाच, तर का थांबला ते चारचौघांत सांगावं.