पन्हं प्यावं महाराजांनी, थैली जावी कारभाऱ्यांची

अख्ख्या गलबतावर कोमट पन्हं फक्त एकाच माणसाच्या नशिबी यायचं, आणि तो माणूस म्हणजे खुद्द रणझुंजार महाराज!

महाराज उन्हाळ्यात हवा खायला समुद्रावर निघायचे. सोबत सरदारांचा ताफा. महाराजांची बैठक गलबताच्या पुढच्या टोकाला, पन्ह्याच्या सुरया मागच्या टोकाला, आणि मधे सगळे सरदार पसरलेले. गलबत हाकणाऱ्या येसू तांडेलाची लेक मथी पेल्यांनी भरलेलं तबक घेऊन निघाली, की पहिलाच सरदार हाक मारायचा, "ए मथे, इकडे!" तबकात नाणं पडायचं, टण्! गार पेला गायब. पुढे दुसरा सरदार, पुन्हा टण्! महाराजांपर्यंत पोचेतो तबकात एकच पेला उरायचा, तोही उन्हाने पार तापलेला.

त्या दिवशी महाराजांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे पन्हं आहे की काढा?"

"पन्हंच आहे, महाराज," मथी म्हणाली. "निघालं तेव्हा गार होतं. वाटेत सरदारांनी अडवलं. ते बक्षीस टाकतात आणि गार पेला उचलतात. त्यांना नाही म्हणणारी मी कोण?"

"असं होय? मग मीही बक्षीस देतो!"

शेजारी कारभारी विसोपंत बसले होते. खजिन्यातली कवडी बाहेर पडली तरी त्यांच्या पोटात दुखायचं. ते ताडकन उठले. "महाराज, भलतंच! पेल्याआधी बक्षीस दिलं, तर ती लाच! राजाने पाणक्या पोरीला लाच द्यावी?"

"मग पिऊन झाल्यावर देतो."

"ती तर किंमत झाली! स्वतःच्याच गलबतावर पन्हं विकत घेणारा राजा! शेजारची संस्थानं पोट धरधरून हसतील!"

महाराजांना दोन्ही पटलं, आणि गार पन्हंही हवंच होतं. हट्टाला पेटले की ते कुणाचंच ऐकत नसत. त्यांनी मथीकडे बोट केलं. "ही भानगड तुझ्या तबकातून निघाली, तूच निस्तर! बक्षीस द्यायचंय, पण पिण्याआधी नाही आणि प्यायल्यानंतरही नाही. बंदर दिसायच्या आत उपाय सांग. नाहीतर त्या बोडक्या खडकावर उतरवीन. बस तिथे सीगल पक्ष्यांना पन्हं वाटत!"

खडक समोरच दिसत होता. वर ना झाड, ना सावली, नुसता पक्ष्यांचा कलकलाट.

मथी रिकामं तबक घेऊन मागे आली. येसू तांडेल सुकाणू धरून उभा होता. सगळं ऐकून तो भडकलाच. "तुला कुणी सांगितलं होतं खरं बोलायला? 'हवाच गरम आहे महाराज' म्हणायचं आणि सुटायचं! आता माझ्याच हाताने माझ्या पोरीला खडकावर उतरवू होय?"

बोलताबोलता त्याचा घसा सुकला. मथीने पुढे केलेला तांब्या त्याने तोंडाला लावला.

"आबा, लई रागावलात?" तिने भीतभीत विचारलं.

"गुं... गुडुक... गुं..." तांब्या काही खाली येईना. डोळे वटारलेले, पण तोंडातून शब्द नाही!

मथी बघतच राहिली. मग तिने टुणकन उडी मारली. "आबा, गलबत सरळ धरा. मी आलेच!"

वाळ्याच्या ओल्या पडद्याआडची सगळ्यात गार सुरई तिने काढली. गूळ सढळ हाताने, वेलची कुटून, केशराच्या दोन काड्या. आणि भरला काय? पेला नाही, चांगला हातभर उंच चांदीचा गडू! वाटेत सरदारांनी हाका मारल्या, पण मथी थांबली नाही.

"महाराज, उपाय आणलाय. पण आधी हे पन्हं घ्या. एका दमात! थांबलात तर चव गेली."

महाराजांनी गडू तोंडाला लावला आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. इतकं गार पन्हं त्यांच्या जिभेला आजवर शिवलंच नव्हतं.

मथीने रिकामं तबक पुढे धरलं. "महाराज, बक्षिसाची वेळ झाली! हीच ती वेळ. पिण्याआधीची नाही, नंतरचीही नाही. द्यायचं नसेल तर स्पष्ट 'नाही' म्हणा!"

"गुडुक," महाराज म्हणाले.

"ऐकलंत, कारभारी? महाराज नाही म्हणत नाहीत!"

"महाराज, थांबा!" विसोपंत ओरडले. "गडू खाली ठेवा!"

गडू कसला खाली ठेवतायत! महाराजांचा एक हात गडूला, दुसरा मोकळा. अंगरखा चाचपला, तर राजाच्या अंगरख्याला खिसा कुठून असणार? हात शेजारी गेला, विसोपंतांच्या कमरेशी पोचला आणि त्यांची भरगच्च थैली उपसून तबकात आली. धप्प!

"महाराज, ती माझी! माझी खासगी!"

"गुडुक, गुडुक!"

विसोपंत मथीच्या पाठी लागले. "ए पोरी, थैली परत कर मुकाट्याने!"

"करते की, कारभारी!" मथी तबक छातीशी धरून म्हणाली. "फक्त कशी करू ते सांगा. आधी मला काही देऊन सोडवलीत, तर ती लाच. घेतल्यावर काही दिलंत, तर ती किंमत. आणि फुकट नेलीत, तर ती महाराजांच्या देणगीची लूट!"

शेवटचा घोट महाराजांच्या तोंडातच होता. त्यांना असं हसू फुटलं, की पन्हं नाकातून उडालं आणि विसोपंतांच्या पागोट्यावर पडलं. सरदार हसले, खलाशी हसले, मागे सुकाणूवर येसू तांडेल इतका हसला, की गलबत एक अख्खी गिरकी घेऊन आलं!

"मथे," महाराज मिशा पुसत म्हणाले, "थैली तुझी! आणि बंदरात उभी असलेली माझी नवीकोरी होडीही तुझी, शिडासकट! आता पळ, दुसरा गडू आण!"

मथी वळली, तसे विसोपंत लगबगीने मागे सरले, आणि कमरेला उरलंसुरलं जे काही होतं ते एका हाताने घट्ट धरून थेट शिडाच्या डोलकाठीवर चढून बसले!