डिस्कोबाची नवी भिंत

कॉम्प्युटरच्या पोटातली मंडळी एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट.

एका कॉम्प्युटरमध्ये डिस्कोबाची, म्हणजे सगळं साठवणाऱ्या डिस्कची, चाळ होती. पहिल्या खोलीत लग्नाच्या फोटोंचं वऱ्हाड राहायचं, दुसऱ्या खोलीत कॉम्प्युटर चालवणारा कारभारी. रोज सकाळी चाळीचा पहारेकरी जागल्या दुसऱ्या खोलीची कडी वाजवी, कारभारी उठे आणि कॉम्प्युटर सुरू होई.

डिस्कोबाला सुधारणेची हुक्की आली. त्यानं पहिल्या खोलीत भिंत घालून एकीच्या दोन केल्या. कारभाऱ्याची खोली आपोआप तिसरी झाली. हे जागल्याला कोण सांगणार? एवढ्या मोठ्या चाळमालकानं नोकराला निरोप द्यायचा म्हणजे कमीपणाच की.

सकाळी जागल्या इमानानं दुसरीचीच कडी वाजवत बसला. आत कोणी नव्हतं. पडदा काळाठिक्कर.

"कारभारी आळशी झालाय," डिस्कोबा म्हणाला.

बाहेर कॉम्प्युटरवाल्या कुमुदताई वैतागल्या. "सगळं पुसून नव्यानं भरते. फोटो गेले तर गेले."

ते ऐकून वऱ्हाड रडायलाच लागलं.

कॉम्प्युटरला वारा घालणाऱ्या शेजारच्या पंखाबाईनं जागल्याला विचारलं, "बाबा, पुढची कडी वाजवून बघितलीस का?"

"तसा हुकूम नाही, बाई."

"मग माझ्या हुकमानं वाजव."

कारभारी जांभई देत बाहेर आला. पडदा उजळला, फोटो वाचले.

डिस्कोबा मिशीवर हात फिरवत म्हणाला, "बघा, माझ्या भिंतीत खोट नव्हतीच."

"नव्हतीच हो," पंखाबाई म्हणाली. "फक्त पुढची भिंत घालाल तेव्हा आदल्या दिवशी सांगा, डिस्कोबा. वऱ्हाड तेवढं आम्ही आधी दुसऱ्या डिस्कच्या गावी हलवतो."