ताटाभोवतीचं पाणी

खूप जुनी गोष्ट आहे, बायांनो, बाळांनो. सात समुद्रांपलीकडे द्राक्षमळ्यांचं एक राज्य होतं. तिथे एका तुतारीवाल्याच्या घरी एक मुलगा जन्माला आला. बाप लग्नकार्यात तुतारी फुंकायचा. मुलगा चालायला लागला तो तिच्या तालावरच. मोठा झाल्यावर मात्र त्याला तुतारी पुरेना. तो गाडग्यातून वारा काढी, घंगाळातून मेघ गडगडवी आणि सुपात वाटाणे फिरवून थेट समुद्र घरात आणी.

त्याचा एक जिवाभावाचा मित्र होता. तो चामड्याची चित्रं कोरायचा. पांढरा पडदा लावून, मागे दिवा ठेवून त्यांच्या सावल्या नाचवायचा. एकाने चित्रं हलवायची, दुसऱ्याने पडद्याआड बसून त्यांना सूर द्यायचे. गावोगावी खेळ रंगू लागले. माणसं हसत, रडत आणि खेळ संपला की चित्रकाराला खांद्यावर घेत.

एकदा बाजारात एक द्राक्षांचा व्यापारी चित्रकाराला म्हणाला, "वा वा, काय तुमची चित्रं! जिवंत हो, अगदी जिवंत!" मग संगीतकाराकडे वळून विचारलं, "आणि आपण? पडदा धरता वाटतं?"

चित्रकार खो खो हसला. संगीतकारही हसला, पण ते हसू काही गळ्याखाली उतरेना. 'थांबा,' तो मनात म्हणाला, 'आता ऐकवतोच तुम्हाला.'

द्राक्षांच्या सुगीचा उत्सव आला. राणीच्या अंगणात खेळ ठरला. गोष्ट साधी होती. एक आई किनाऱ्यावर मुलाची वाट पाहते. वर्षं सरतात आणि एके दिवशी मुलाची होडी येते.

पडद्यावर होडी दिसली मात्र, संगीतकाराने तुतारी फुंकली! ढोल बडवला, घंगाळ दणाणलं, घंटा खणाणल्या. तान्ही बाळं किंचाळून उठली. आज्यांनी कानांवर हात ठेवले. कुणी बाळाला थोपटतंय, कुणी घाबरून पळालेली शेळी धरतंय. पडद्याकडे बघतंय कोण?

गलका शांत झाल्यावर राणीने विचारलं, "मग? आला का तो मुलगा?"

पडद्यावर मायलेकांची भेट केव्हाच होऊन गेली होती. ती कुणीच पाहिली नव्हती.

राणी दयाळू होती. म्हणाली, "उद्या पुन्हा करा. पण उद्याही असंच झालं तर आमच्या राज्यात खेळ बंद."

चित्रकार चित्रं गुंडाळू लागला. "गड्या," तो म्हणाला, "उद्या बिघडलं तर मी माझ्या गावी जाईन. तुझ्यावाचून मला खेळ करता येत नाही. पण आजच्यासारखा तू असलास, तर तुझ्याबरोबरही करता येत नाही."

संगीतकार मान खाली घालून घरी आला. त्याच्या बायकोचं व्रत होतं. पूजा आटोपून तिने देवापुढे ताट ठेवलं, उजव्या तळहातावर पाणी घेतलं आणि ताटाभोवती फिरवलं. एक थेंब अन्नात पडला नाही. तो बघतच राहिला.

"एवढंसं पाणी," तो म्हणाला, "त्याच्याकडे देव तरी बघतो का गं?"

"अहो, बघायचंय कशाला? पाणी फिरलं की ताट देवाचं होतं." ती हसली. "भाव दाखवायचा म्हणून आख्खा तांब्या ताटात ओतला, तर वरण-भात जाईल वाहून आणि देव बिचारा उपाशी! चला, हातपाय धुवा. मीही उपाशीच आहे."

तो ताटाकडे बघत राहिला. मग एकदम हसत सुटला. "ओतला गं मी! आख्खा तांब्या ओतला आज ताटात!" दिवसभरात पहिल्यांदाच त्याला भूक लागली.

दुसऱ्या दिवशी अंगण पुन्हा भरलं. पुढे बसलेल्या आज्यांनी आधीच कानांत बोटं घातली होती. पडद्यावर होडी आली. संगीतकाराने तुतारी बाजूला ठेवली, ढोल बाजूला ठेवला. नुसते सुपातले वाटाणे हळूहळू फिरवले. लाट आली, लाट गेली. मग तेही थांबवलं. आईने मुलाच्या गालाला हात लावला, तेव्हा संगीतकाराने ओठांतल्या ओठांत शीळ घातली. अंगाईसारखी, अगदी इवलीशी.

आज्यांची बोटं कानांतून निघाली आणि पदर डोळ्यांना लागले. राणी रडली, मग रडता रडता हसली. सगळ्यांनी धावत येऊन चित्रकाराला खांद्यावर घेतलं! तो वरून ओरडत होता, "अरे, त्याला घ्या, त्याला!" पण त्या आनंदात ऐकतो कोण? पडद्याआड संगीतकार पोट धरून हसत होता.

सकाळी तो पाणवठ्यावर गेला, तर बाया तीच शीळ गुणगुणत घागरी भरत होत्या. समोरून द्राक्षांचा व्यापारी तीच चाल बेसूर घोळवत आला.

"काल काय खेळ झाला म्हणून सांगू!" तो म्हणाला. "तुम्ही नव्हता का?"

"होतो की!" संगीतकार म्हणाला. "पडदा धरून होतो."

पुढे दोघा मित्रांनी म्हातारपणापर्यंत खेळ केले. राणीने संगीतकाराला भरजरी शेला दिला, तेव्हा त्याने त्याचं एक टोक मित्राच्या खांद्यावर टाकलं. चामड्याची चित्रं कालांतराने विरली. पण त्या राज्यात आया आजही बाळांना त्याच चालीवर निजवतात. ती कुणाची, हे त्यांना ठाऊक नाही. बाळं मात्र सुखाने झोपतात.

म्हणून सांगते, दुसऱ्याचं काम खुलवायला जो आपला जीव लावतो, त्याचं नाव विसरलं तरी त्याचं देणं घरोघर नांदतं.