फुलाभोवतीची भुई

त्या राज्यात माणसं नव्हती. कारागिरांची अवजारं तेवढी होती आणि ती आपापली कामं नेमानं करत. वर्षातून एकदा डोंगरापलीकडून एक पांढरी घोडी येई. ज्या गावचं जीन तिला रुचे, तिथं ती वर्षभर राही आणि त्या गावाला कशाची ददात पडत नसे. या गावात मात्र ती सहा वर्षं थांबली नव्हती.

गावचं जीन रापीनं केलं होतं. रापी म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी. शिलाई हातची, टाका न् टाका सारखा, आणि दर्शनी अंगावर कोरलेलं आठ पाकळ्यांचं फूल. घोडी यायची, जिनापाशी घटकाभर रेंगाळायची आणि पुढं जायची. रापीला वाटे, फुलातच काही उणं असणार. मग ती त्याच रेघा आणखी खोल कापी, एखादी वेल वाढवी. सातव्या वर्षापर्यंत चामडं इतकं कापलं गेलं होतं, की आणखी एक रेघ ओढली तर ते फाटलंच असतं. आणि एवढं करून दहा पावलांवरून ते फूल आहे की नुसते चरे, ते कळत नव्हतं.

पंचांनी ठरवलं, यंदा घोडी निघून गेली तर जीन कापून त्याच्या वाद्या करायच्या. कापायचं कुणी, तेही ठरलं. रापीनंच. त्या दिवसापासून सहाणेवर कितीही घासलं तरी रापीला धार लागेना.

रापीच्याच घरात एक ठसा राहत असे. लहानसा, बोथट, तोंडावर नुसते बारीक ठिपके. पिशव्यांच्या तळाला खूण करण्यापलीकडे त्याला कुणी बोलावत नसे. त्यानं जिनाला तीन फेऱ्या घातल्या आणि मग विचारलं, “रापीबाई, फुलाचं सगळं पाहून झालं. त्याच्या शेजारी कोण राहतं, ते कधी पाहिलंत का?”

पाकळ्या हसल्या. ठसोबा आले शिकवायला, म्हणाल्या. पण रापीनं पाहिलं. फुलाभोवती साधं, कोरं चामडं होतं. सगळे त्याला भुई म्हणत. सात वर्षांत तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. ठशाचं म्हणणं एवढंच होतं, की फूल वर येत नसेल तर भुईला खाली जाता येतं का, ते विचारून पाहू.

“खाली गेलीस की तुला कोण बघणार गं?” एका पाकळीनं टोमणा मारला.

“आजवर कोण बघत होतं?” भुई म्हणाली. मग ठशाकडे वळून तिनं सांगितलं, “माझी ना नाही. पण एकदाच आणि नीट. रोज थोडं थोडं दाबू नका. आणि मी कोरडी असताना तर नकोच.”

रापीला घाई होती. घोडी यायला दोनच दिवस उरले होते. तरी तिनं भुईचा शब्द पाळला. चामडं ओलं केलं आणि मळलेली कणीक झाकून ठेवावी तसं दमट फडक्यात गुंडाळून ठेवलं. एक अख्खा दिवस कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मोगरीमावशीनं, म्हणजे ठोकायच्या लाकडी मोगरीनं, आपला गोल गाल त्याला लावून पाहिला. रंग मूळचा परतला होता, पण गालाला गार लागत होतं. “आता झालं,” ती म्हणाली.

ठसा पाकळीच्या कडेला टेकला, मावशीनं हलकेच ठोकलं. पुन्हा टेकला, पुन्हा ठोकलं. रांगोळीचे ठिपके घालावेत तसे ठिपके पडत गेले आणि भुई न कुरकुरता खाली बसत गेली. संध्याकाळी रापीनं पाहिलं तर आठही पाकळ्या उमलून वर आल्या होत्या. तिला खरं वाटेना. तिनं दोरा घेऊन पाकळीची जाडी मोजली. आधीच्या मापापेक्षा ती केसभरही वाढली नव्हती. तिनं पुन्हा मोजलं. मग तिनं दोरा गुंडाळून ठेवला.

पहाटे जीन वेशीवर मांडलं. पंच दुतर्फा उभे राहिले आणि फुलाची तारीफ करू लागले. पाकळ्यांनी अंग आणखीच ताठ केलं. रापी मात्र मागं उभी होती, पातं जमिनीकडे करून.

घोडी आली. लांबून चालून आली होती. अंगाला धूळ, तोंडाला कोरड. ती जिनापाशी थांबली. रात्री दव पडलं होतं. पाकळ्यांवरचं सगळं ओघळून गेलं होतं; खोल बसलेल्या भुईत, ठिपक्याठिपक्यांत ते साचून उजेडात चमकत होतं. घोडीनं मान खाली घातली आणि फुलाच्या कडेकडेनं ओठ फिरवत ते सगळं पाणी हळूहळू पिऊन टाकलं. मग ती वळली आणि जीन चढवून घ्यायला पाठ त्याच्याशी आणून उभी राहिली.